थोरला हेरोद, धाकटा हेरोद

आमच्या देवासात एके काळी राजे दोन होते. एकापाठोपाठ एक नव्हे, एकाच वेळी. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की त्याला वाटतं, म्हातारी थट्टा करतेय. एकाच घराण्याच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. रस्त्याची ही बाजू यांची, ती बाजू त्यांची. राजवाडे दोन, कचेऱ्या दोन, दसऱ्याचे दरबार दोन. टेकडीवरच्या देवीसुद्धा दोन, थोरली माता आणि धाकटी माता, त्यामुळे या व्यवस्थेला वरूनही मंजुरी आहे असं आम्ही धरून चालायचो. मी जन्मले तेव्हा दोन्ही राज्यं विलीन होऊन बरीच वर्षं लोटली होती. कारभार भोपाळहून चालायचा, राजवाड्याच्या भिंतीवर सिनेमाची पोस्टरं लागायची. फक्त आमच्या घरात ही बातमी अण्णांनी अजून दाखल करून घेतलेली नव्हती.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. धाकट्या पातीच्या दरबारात ते बैठकीची यादी सांभाळायचे. कोण कुठं बसणार, कोणाची नजर आधी, कोणाच्या मुजऱ्याला सरकारांनी नुसती मान हलवायची आणि कोणासाठी हात छातीपर्यंत न्यायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात. नजर म्हणजे रुमालावर ठेवलेला एक रुपया. मानकऱ्यानं तो पुढं करायचा, सरकारांनी त्याला बोट लावायचं, आणि मानकऱ्यानं तो परत घरी न्यायचा. एकाच रुपयावर तीन पिढ्यांनी राजनिष्ठा दाखवल्याची उदाहरणं अण्णा अभिमानानं सांगायचे. दरबार गेला, यादी मात्र राहिली. मग ती आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत लागू झाली. सकाळी पोह्यांची पहिली बशी देवाला, दुसरी आलेल्या पाहुण्याला, मग अण्णा, मग बाबा, मग उतरत्या क्रमानं बाकीचे. घरच्या मांजराचाही नंबर ठरलेला होता. माझ्या एक आधी.

आई धारची. धारेत राजा एकच होता. "म्हणून आमच्याकडच्या लोकांना बाकीची कामं करायला टाइम मिळाला," असं ती म्हणायची, पण अण्णांना नव्हे, कढईला. सासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती, तेव्हा तिची सगळी मतं कढईला, तव्याला नाहीतर पोह्यांवर शेव टाकताना शेवेच्या डब्याला ऐकावी लागत. अण्णा पलीकडच्या खोलीत बसून सगळं ऐकायचे आणि उत्तर पानदानाला द्यायचे. शेजारच्या चक्कीचा पट्टा दिवसभर फटफट करायचा, सोनकच्छला जाणारी बस कोपऱ्यावर भोंगा वाजवायची, आणि त्या आवाजात कढई आणि पानदान यांचा संवाद चालायचा. मला लहानपणी सगळ्यांच्या घरी असंच असतं असं वाटे.

मला मिशनच्या मुलींच्या शाळेत घातलं तेव्हा गल्लीतले लोक समजवायला आले. भिया, पोरगी बाटेल. अण्णा त्यांना म्हणाले, "धर्म आम्ही घरी सांभाळू. भाषा कुठं सांभाळायची ते सांगा." कारण सरकारी शाळा सगळ्या हिंदी झालेल्या, आणि गावात मराठी वर्ग उरला होता तो एकट्या मिशनच्या शाळेत. साळवेबाईंचा. आम्ही अकरा मुली, पहिली ते सातवी सगळ्या एकाच खोलीत. साळवेबाई मराठी ख्रिस्ती, घराणं मूळचं नगरकडचं, पण वडील धारच्या दवाखान्यात कंपाउंडर, म्हणून बाई आईसारख्याच धारच्या. बारीक चणीच्या, पांढरी सुती साडी, आणि आवाज असा की चक्कीचा पट्टा थांबल्यासारखं वाटावं. माझं अक्षर चांगलं आहे असं आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी सांगितलं असेल तर त्यांनी. माझा त्यांच्यावर फार जीव होता. आजही आहे.

शनिवारी शेवटच्या तासाला बाई येशूच्या गोष्टी सांगायच्या. मी त्या जशाच्या तशा घरी आणायचे, आणि अण्णा त्यांची छाननी करायचे. श्रद्धेचा प्रश्नच नव्हता. त्यांना ती फाइल वाटायची, आणि फाइल कच्ची आहे असं त्यांचं मत होतं. योसेफ आणि मरिया नावनिशीसाठी, म्हणजे शिरगणतीसाठी, मूळ गावी बेथलेहेमला गेले, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी सुपारी कातरायची थांबवली.

"शिरगणतीला माणूस दारात येतो. आम्ही दोन शिरगणत्या केल्यात. माणसांना मूळ गावी पाठवणारा अंमलदार कोण? उद्या आम्हांस म्हणतील, तुमचं मूळ गाव साताऱ्याकडे, चला. साताऱ्याकडे आम्हांस ओळखतं कोण?"

"नऊ महिन्यांच्या पोटुशीला गाढवावर बसवून नेलं," आई कढईला म्हणाली. "अंमलदार बायकोवाला नसेल." त्या दिवशी ती गराडू, म्हणजे आमच्याकडचा सुरणासारखा कंद, तळत होती. थंडीत मावळ… नव्हे, माळव्यात गराडू नसेल तर थंडी पडली असं कुणी मानत नाही. आता वयामुळे लेखणी अशी घसरते. पण गराडूची चव विसरलेले नाही, वरून लिंबू आणि जिरावण मसाला.

मग वंशावळ निघाली. येशूची शुभवर्तमानं, म्हणजे चरित्रं, लिहिणाऱ्यांतला मत्तय योसेफाच्या बापाचं नाव एक देतो आणि लूक दुसरंच देतो, हे अण्णांना बाईंनीच दिलेल्या छोट्या पुस्तकातून कळलं. ते तीन दिवस आनंदात होते. "दत्तकाच्या अर्जाला अशी वंशावळ जोडली असती तर आम्ही तो दाखलच करून घेतला नसता. बापाची दोन नावं. बरं, वंशावळ नवऱ्याची, आणि मुलगा नवऱ्याचा नाही. मग ती जोडली कशाला?" हे मी बाईंना जाऊन सांगितलंही. हेरोद राजाच्या गोष्टीवर मात्र ते आधी खूप हसले. पूर्वेकडचे तीन शहाणे थेट राजाच्या दरबारात जातात आणि त्यालाच विचारतात, नवा राजा कुठं जन्मला? "यांना शहाणे कोण म्हणालं?" आणि तीन कशावरून? नजराणे तीन म्हणून माणसं तीन? अण्णांच्या दरबारात एकेका मानकऱ्याबरोबर नऊ नऊ ताटं यायची. पण हेरोदानं पुढं त्या गावातली सगळी तान्ही मुलं मारवली, हे मी सांगितलं तेव्हा अण्णा हसले नाहीत. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "गादीवर म्हातारा, आणि बाहेर कुठं तरी वारस जन्मल्याची कुजबुज," ते म्हणाले. "एवढं मात्र कुणी बसून रचलेलं नाही, बेबी. हे लिहिणाऱ्यानं दरबार पाहिलेला आहे." बेबी म्हणजे मी. सत्तरीला टेकले तरी देवासात मी बेबीच आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाई आमच्या घरी आल्या. हातात करंज्यांचा डबा होता. अण्णांनी डब्याकडे पाहिलं, क्षणभर आतल्या आत कुठली तरी यादी चाळली, आणि "तळलेल्याला विटाळ नसतो" असा निकाल देऊन एक करंजी उचलली. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. शाळेच्या मोठ्या मॅडम नव्या आल्या होत्या, दूर दक्षिणेकडच्या. मराठी त्यांना अजिबात येत नव्हतं. अकरा मुलींसाठी एक खोली आणि एक मास्तरीण त्यांना परवडत नव्हती. जूनपासून मराठी वर्ग बंद, मुली हिंदीत, आणि बाई परत धारला. बाईंनी एकच मागणं मागितलं होतं: यंदाचं नाताळचं नाटक मराठीत करू द्या. मॅडम म्हणाल्या होत्या, करा. मराठी लोकांनी हॉल भरला तर वर्ग चालू ठेवते, रिकामा राहिला तर मला पुन्हा विचारू नका.

"लोक तुमच्या शब्दावर येतील, अण्णा," बाई म्हणाल्या. "माझ्या नाही येणार."

अण्णांनी नाटकाचे कागद मागितले आणि तिथल्या तिथे वाचले. मग चष्मा काढला. "बाई, मत्तयाच्या कागदात हेरोद आहे, गव्हाणी नाही. लूकाच्या कागदात गव्हाणी आहे, हेरोद नाही. आपण दोन फायलींची पानं एकत्र टाचली आहेत."

"हो," बाई म्हणाल्या. "सगळं जग टाचतं. अण्णा, तुमच्या घराण्याची वंशावळ कुणी लिहिली?"

"भाटानं."

"तो तुमच्या खापरपणजोबांच्या लग्नाला हजर होता?"

आई आतून कढईला म्हणाली, "धारची आहे." अण्णांनी दुसरी करंजी घेतली, आणि मला कळलं की ते पत्रं लिहिणार.

पण खरी अडचण वेगळीच होती. बाईंनी हेरोद एकच लिहिला होता. धारेकडच्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? अण्णांनी त्यांना शांतपणे समजावलं: हेरोद धाकट्या पातीची मुलगी झाली तर थोरल्या पातीचा एक माणूस पाऊल ठेवणार नाही, आणि थोरल्या पातीची झाली तर स्वतः आम्ही येणार नाही. हॉल अर्धा राहील. बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बहुधा वर्गाच्या खोलीत बसणाऱ्या अकरा मुलींकडेही मनातल्या मनात पाहिलं असावं. दोन हजार वर्षांत जे कुणी केलं नव्हतं ते त्यांनी शिसपेन्सिलीनं एका ओळीत केलं. हेरोद दोन झाले.

थोरल्या पातीकडे अण्णांच्या जागी जे होते ते पेठकर. रस्त्यापलीकडे राहायचे. बाबांच्या मुंजीच्या आधी कधी तरी दोन्ही पात्यांचा एकत्र समारंभ झाला होता, आणि त्यात पेठकरांच्या खुर्चीचा एक पाय धाकट्या पातीच्या जाजमावर आला होता. तेव्हापासून दोघे बोलत नव्हते. समोरासमोरच्या ओट्यांवर रोज सकाळी एकाच वेळी वर्तमानपत्र वाचायचे, पण बोलायचे नाहीत. आता वाटाघाटी सुरू झाल्या आणि चिठ्ठ्या घेऊन रस्ता ओलांडायचं काम माझ्याकडे आलं. सिंहासनं दोन, उंची समान. प्रवेश एकाच क्षणी, दोन बाजूंनी. संवाद दोघांनी एकत्र म्हणावेत, कारण आधी बोलला तो वरचा. पेठकरांची मालती आणि आमच्याकडची कुसुम, दोघी चौथीतल्या, "तो बालक कुठं आहे?" हे एका सुरात म्हणायला पंधरा दिवस शिकत होत्या. दोन्ही घरांच्या ट्रंकांतून डांबरगोळ्यांच्या वासाचे खरे दरबारी अंगरखे निघाले, खऱ्या पगड्या निघाल्या. सिंहासनांसाठी शाळेच्या दोन खुर्च्या आणल्या तर एक बोटभर बुटकी. पेठकर टेप घेऊनच आले होते. शेवटी बाईंनी त्या खुर्चीच्या चार पायांखाली चार जुनी गायनपुस्तकं सरकवली. "देवाची गाणी आहेत," त्या म्हणाल्या, "भार सोसतील."

मी तिसरा शहाणा होते, गंधरसवाला. आम्हा तिघींना अण्णांनी स्वतः तयार केलं. दरबारातून राजाला नजर न करता कुणी पुढं जाऊ शकत नाही, तेव्हा सोनं आणि ऊद घेतलेल्या दोघी आधी दोन्ही हेरोदांपुढे एकदमच वाकणार, हेरोद नजराण्याला बोट लावून परत करणार, मग आम्ही तिघी पाठ न दाखवता उलट्या पावलांनी बेथलेहेमकडे निघणार. बेथलेहेम म्हणजे रंगमंचाचा डावा कोपरा. तिथं शिपाई गेंदालालनं आपल्या म्हशीची गव्हाणी घासून आणून ठेवली होती आणि पुढे एक वेगळा पडदा होता. तालमीच्या शेवटच्या दिवशी बाई जरा थकून म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही सगळं हेरोदाचंच बघून राहिलात. त्या बाळापुढं कसं जायचं ते कोण शिकवणार?"

"ते आम्हांस ठाऊक नाही," अण्णा म्हणाले. "त्या दरबाराला बैठकच नाही. ते आपलं आपण बघा."

नाटक दुपारी चारला होतं. साडेतीनला गेंदालाल धावत आत आला. "बईजी, घणा लोग अई ग्या. कुरसी कम पड़ री हे." मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. डावीकडे थोरली पाती, उजवीकडे धाकटी, मधे वाट. जे म्हातारे वर्षानुवर्षं घराबाहेर पडले नव्हते ते पगड्या घालून आले होते. बायका नथी घालून. शालींना कापराचा वास. पहिल्या रांगेत मधोमध मॅडम, आणि त्यांच्या दोन्ही हातांना समान अंतरावर अण्णा आणि पेठकर. बाईंनी हॉलकडे पाहिलं आणि पदरानं चेहरा पुसला. वर्ग वाचला, असं आम्ही समजलो.

हेरोद आले. आतून ललकारी झाली, दोन्ही बाजूंनी मालती आणि कुसुम एकेक पाऊल मोजत आल्या, पगड्यांचे तुरे हलले, आणि हॉलमधले सगळे म्हातारे उठून उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. पाठी वाकल्या, हात जमिनीकडे गेले, मुजरा झाला. वीस वर्षं ही माणसं कोणापुढं वाकायचं या विवंचनेत असावीत. आम्ही शहाण्यांनी ठरल्याप्रमाणे नजर केली, हेरोदांनी ठरल्याप्रमाणे बोट लावलं, आणि आम्ही उलटं पाऊल टाकणार एवढ्यात थोरल्या पातीतले एक अगदी वाकलेले आजोबा पायऱ्या चढून वर आले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यावर रुपया ठेवला आणि मालतीपुढे धरला.

मालती पेठकरांची नात. तिनं न हसता बोट लावलं. मग काय, धाकटी पाती मागं राहणार थोडीच? कुसुमपुढेही एक रुमाल आला. बघता बघता डावीकडे एक रांग, उजवीकडे एक रांग, पायऱ्यांवरून खाली, मधल्या वाटेनं थेट दारापर्यंत. कोणाच्या मागं कोण यावरून दोनतीनदा हलक्या आवाजात बोलाचाली झाल्या, त्याही त्या काळच्याच असणार. म्हातारे नजर करत होते, डोळे पुसत होते, रुपया खिशात टाकून खाली जात होते. आम्ही तिघी शहाण्या डाव्या बाजूला उभ्या, माझ्या हातातला गंधरसाचा डबा घामानं निसटायला लागलेला. आणि डाव्या कोपऱ्यातल्या पडद्याआडून मरिया झालेली रूथ दर दोन मिनिटांनी विचारत होती, "बाई, मी उठू का?"

मला आता हसू येतं. सगळं गाव आलं होतं, पण हेरोदाकडे. बाईंच्या पुस्तकातही तेच झालं होतं म्हणा. त्या रात्री हेरोदाच्या यरुशलेमेत राजवाड्याकडे बघणारी माणसं किती आणि बेथलेहेमात गोठ्याकडे बघणारी किती असतील याचा हिशोब कुणीही करू शकतो. पण तेव्हा मला हसू आलं नव्हतं, कारण मी बाईंचा चेहरा पाहत होते. मॅडम उठून रंगमंचाजवळ आल्या आणि त्यांनी बाईंना त्यांच्या पद्धतीच्या हिंदीत विचारलं, "ये सब नाटक में है?"

"जी मॅडम," बाई म्हणाल्या. मी त्यांना खोटं बोलताना तेवढं एकदाच ऐकलं.

"तो बेबी जीसस कब आएगा? कि आएगा ही नहीं?"

बाई पडद्याची दोरी धरून नुसत्या उभ्या राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरले. पहिल्या रांगेत अण्णांनी ते पाहिलं असावं. ते उठले. रांगेनं त्यांना वाट दिली, कारण यादीत त्यांचं स्थान वर होतं. काठी टेकत पायऱ्या चढले. कुसुमनं पाठ ताठ केली आणि बोट तयार ठेवलं. अण्णा तिच्यापुढून गेले. थांबले नाहीत, वाकले नाहीत. मग त्यांनी असं काही केलं की हॉलमध्ये कुणी तरी श्वास आत ओढलेला मला ऐकू आला: त्यांनी दोन्ही गाद्यांकडे पाठ केली. सरळ डाव्या कोपऱ्यात गेले, बाईंच्या हातातून दोरी घेतली आणि पडदा ओढला.

म्हशीच्या गव्हाणीत गवतावर मॅडमची विलायती बाहुली होती, आडवी केली की डोळे मिटणारी. रूथ दचकून उठली आणि मागं पळाली. अण्णांनी रुमाल काढला, रुपया ठेवला आणि वाकले. पण गव्हाणी फार खाली होती. राजाच्या उंचीला नजर करायची त्यांना सवय. इतकं खाली त्यांना कधी जावं लागलं नव्हतं. एक गुडघा टेकला, मग दुसरा टेकला, आणि मग त्यांना उठता येईना. तसेच राहिले, हात पुढं, मान खाली. ओठ हलत होते. मी दोन हातांवर होते, ते काय पुटपुटले ते मला ऐकू आलं, पण ते मी शेवटी सांगते.

पेठकरांना हे सहन होणं शक्य नव्हतं. धाकट्या पातीची नजर आधी पोचली होती. ते काठी न घेताच वर आले, मालतीकडे न बघता पुढं गेले, घाईघाईत रुमाल काढून गव्हाणीवर ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं की शेजारी अण्णा अडकलेले आहेत. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. मग हात पुढं केला. अण्णांनी त्या हाताकडे पाहिलं, आणि धरला. पेठकर म्हणाले, "सावकाश." जाजमाच्या प्रकरणानंतर दोघांमधला हा पहिला शब्द. तोवर दोन्ही रांगा वळल्या होत्या, कारण रांगेला पुढचा जातो तिकडं जायची सवय असते. सगळं देवास गव्हाणीपुढं वाकलं. मालती आणि कुसुम दोन रिकाम्या दरबारांत बसून एकमेकींकडे बघत होत्या. गेंदालाल मॅडमना सांगत होता की गव्हाणी त्याची आहे.

मॅडम रडल्या. वर्ग पुढं चार वर्षं चालला. मी सातवी होईपर्यंत. मग त्या वर्गाला मुलीच उरल्या नाहीत, त्याला ना हेरोदाचा इलाज होता ना अण्णांचा. पण त्या चार वर्षांत मी मराठी लिहायला शिकले, आणि म्हणून हे लिहिते आहे. माझा नातू हे वाचू शकत नाही. "आजी, फोन में बोल के भेज दो ना," म्हणतो. बोलून पाठवीन.

त्या दुपारचं पुढं जे झालं त्यावरून शुभवर्तमानं कशी तयार होत असतील याची मला थोडी कल्पना आली. मॅडमनी मिशनच्या मासिकात लिहिलं की देवासच्या वृद्ध दरबाऱ्यांना अचानक साक्षात्कार झाला आणि ते प्रभूपुढं गुडघे टेकून बसले. पेठकर मरेपर्यंत सांगायचे की थोरल्या पातीचा रुपया आधी गवताला लागला, अण्णांचा हातातच होता. गल्लीत पोचेपर्यंत रुपयाची मोहर झाली होती आणि बाहुलीनं डोळे उघडले होते. आणि अण्णांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रांग चुकली होती. दुरुस्त केली."

"मग इतका वेळ बसून का राहिलात?"

"गुडघा," अण्णा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते पेठकरांशी बोलायला लागले, म्हणजे रस्त्याच्या या ओट्यावरून त्या ओट्यावर भांडायला लागले. कढई आणि पानदान यांना जरा विश्रांती मिळाली.

गेल्या थंडीत मी धारला गेले. साळवेबाई भाच्याकडे असतात. भाचा धारजवळच्या तिरल्याच्या शाळेत मास्तर आहे. पंच्याऐंशीच्या पुढं गेल्यात, अंथरुणावरच असतात, पण आवाज तोच. घरात जमलेल्या मुलांना त्यांनी माझी ओळख करून दिली आणि त्या नाटकाची गोष्ट सांगितली, निम्मी हिंदीत, निम्मी मराठीत. छान सांगितली. फक्त त्यांच्या गोष्टीत हेरोद एकच होता. मी दुरुस्त केलं नाही. धारच्या माणसाला शेवटी एकच राजा आठवणार.

मुलं गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. "बेबी, तू गंधरसवाली. सगळ्यांत जवळ तू होतीस. मला पडद्याकडून त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मॅडम म्हणाल्या प्रार्थना केली. तुला काय ऐकू आलं? खरं सांग. मी इतकी वर्षं विचारलं नाही, कारण उत्तर 'गुडघा' असलं तर मला नको होतं."

मी त्यांना सांगितलं. कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. अण्णा गव्हाणीतल्या त्या बाहुलीला म्हणाले होते, "जरा खोळंबा झाला, सरकार. माफी असावी."

खिडकीबाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. मग बाईंना हसू यायला लागलं, डोळ्यांत पाणी आणि हसू, दोन्ही एकदमच.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "वंशावळीत बापाची दोन नावं असून अर्ज दाखल करून घेतला म्हणायचा."

मग त्यांनी उशाजवळचा डबा माझ्यापुढं सरकवला. करंज्या होत्या. मी दोन घेतल्या.